बी.एस्सी. झालं, आता नाट्यदिग्दर्शन शिकायचंय. कोल्हापुरातून कुठं जावं?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

शिवाजी विद्यापीठातून बी.एस्सी. झालंय, विषय रसायनशास्त्र. कॉलेजात एकांकिका बसवल्या. मागच्या राज्य नाट्य स्पर्धेला एका संस्थेत सहायक दिग्दर्शक म्हणून नाव लागलं. प्रत्यक्षात हजेरी, प्रॉम्प्टिंग आणि चहा सांगणं. तरी त्या तालमींत एक नक्की झालं की मला हेच करायचंय. अभिनय नको, हे आधीच सांगून ठेवते, कारण जिथं चौकशी करावी तिथं "फोटो पाठव, ऑडिशनला ये" असंच ऐकायला मिळतं. मला नाटक बसवायला शिकायचंय.

वडिलांचं म्हणणं, एम.एस्सी. कर किंवा बी.एड. कर, नाटक काय संध्याकाळी होतंच की. त्यांना खोडून काढायला माझ्याकडं अजून मुद्दा नाही.

यादी अशी केलीय: दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग आणि आपल्याच विद्यापीठातला संगीत व नाट्यशास्त्र विभाग. एक मैत्रीण म्हणते, थेट परदेशात एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) कर. दिग्दर्शन असं वर्गात बसून येतं का? येत असेल तर यातलं कुठं? आणि नंतर पोटाचं काय?

मिसळसम्राट

सोपं आहे, नीट देऊन डॉक्टर व्हा. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, श्रीराम लागू कान-नाक-घसा, मोहन आगाशे मानसोपचार. मराठी नाटकाचं सगळ्यात मोठं ट्रेनिंग सेंटर पुण्याचं बी.जे. मेडिकल कॉलेज, हे आमचं जुनं मत आहे.

तिसरी_घंटा

😄 बाबांना हा प्रतिसाद दाखवणार नाही. ते लगेच "बघ" म्हणतील.

विंगेतला

पोरी, मी उभं आयुष्य हौशी रंगभूमीवर काढलंय, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. राग मानू नको.

कोल्हापूरला नाटक शिकवायला कुठलं कॉलेज लागलं न्हाई. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ ला ते उघडलं. केशवराव भोसल्यांनी त्याच्याही आधी, १९०८ ला, ललितकलादर्श नाटक मंडळी काढली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. त्या जमान्यात नाटक बसवणाऱ्याला तालीम मास्तर म्हणत. गोविंद बल्लाळ देवलांसारखा माणूस किर्लोस्कर मंडळीत तालमी घ्यायचा, एकेका वाक्याचा हेल घटवून घ्यायचा. कुठलं सर्टिफिकेट होतं त्यांच्याकडं?

आणि लांब कशाला जायाचं. 'प्रत्यय' संस्थेनं विंदांच्या भाषांतरातला 'राजा लिअर' केला तो ह्याच गावात. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा चालू आहे. दर साली एक नाटक घे, तालमीला जागा मिळव, पंधरा माणसं सांभाळ, नोकऱ्या करून दमून आलेली. त्यांच्याकडनं रात्री अकराला अंक उभा करून दाखव. त्यात सगळं शिक्षण आलं. दिल्लीला जाऊन आलेली पोरं परत येत न्हाईत, मुंबईत सिरियलीला लागतात, हे पण बघितलंय.

राजारामपुरी_आठवी

+१. काका लाख बोलले.

खडूफळा

विंगेतला काकांशी निम्मा सहमत. उरलेलं निम्मं लांबलचक लिहितो. एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवलंय, कुठल्या ते राहू दे.

तबला शिकणारा घरी एकटा बसून रियाज करू शकतो. दिग्दर्शकाला ती सोय नाही. त्याला रियाजालाच दहा जिवंत माणसं, एक रिकामा हॉल आणि नंतर "हे जमलं नाही" असं तोंडावर सांगणारा कुणीतरी लागतो. पदव्युत्तर कोर्स नेमकं हे पुरवतो. बाकी स्तानिस्लाव्हस्की, ब्रेश्ट, भरताचं नाट्यशास्त्र हे सगळं करवीर नगर वाचन मंदिरात बसूनही वाचता येईल.

आता राज्य स्पर्धेबद्दल. स्पर्धेचं ऋण मोठं आहे, तिच्याशिवाय जिल्ह्या-जिल्ह्यांत नाटक उरलंच नसतं. पण शिकण्याच्या दृष्टीनं तिच्यात एक भोक आहे. वर्षभराची मेहनत एका प्रयोगात संपते. परीक्षक गुण देतात, यादी लागते, दिग्दर्शनाचं पहिलं-दुसरं बक्षीस जाहीर होतं. दुसरा अंक का पडला, हे मात्र तुम्हाला कुणी समोर बसवून सांगत नाही. ज्याला बक्षीस मिळतं तो तेच पुढच्या वर्षी पुन्हा करतो आणि ज्याला मिळत नाही तो परीक्षकांना शिव्या घालतो. शिकत दोघंही नाहीत. (शिव्या घालण्यात आम्हीही मागं नव्हतो.)

त्यामुळं कोर्स कुठलाही असो, प्रवेशाआधी तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून एवढं विचारा: माझी स्वतःची अशी किती नाटकं मी बसवणार? त्यासाठी पैसे आणि नट कोण देणार? प्रयोगानंतर चर्चा होते का, आणि तिला कोण बसतं? उत्तर "शेवटच्या सत्रात एक प्रॉडक्शन, तेही सरांचं" असं आलं तर ती पदवी तुम्हाला दिग्दर्शक करणार नाही, सरांचा सहायक करेल. सहायक होण्यात वाईट काही नाही, पण मग दोन वर्षांची फी कशाला? चहा सांगणं तुम्हाला इथंच फुकट मिळालंय.

यादीबद्दल मला माहीत आहे तेवढं:

एनएसडी तीन वर्षांचं आणि पूर्णवेळ. १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीखाली सुरू झालं, १९७५ मध्ये स्वायत्त झालं. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं. पुढं अभिनय एकीकडं आणि नाट्यतंत्र, आराखडा, दिग्दर्शन दुसरीकडं. "अभिनय नको" म्हणालात, तर ते पहिलं वर्ष चुकणार नाही आणि चुकूही नये. नटाचा घसा कोरडा पडतो म्हणजे काय होतं ते स्वतः उभं राहिल्याशिवाय कळत नाही. विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं, घरच्यांशी बोलताना हा मुद्दा वापरा. जागा देशभरातून मोजक्याच. अर्जासोबत नाटकांत काम केल्याचे दाखले लागतात, म्हणून आतापासून ब्रोशर, पत्रकं, प्रमाणपत्रं एका फाइलीत लावा. प्राथमिक फेरी निरनिराळ्या शहरांत होते, निवडलेल्यांची कार्यशाळा दिल्लीत. वयाची अट तिशीची, तेव्हा घाई नाही.

ललित कला केंद्र पुणे विद्यापीठात १९८७ पासून आहे. संगीत, नृत्य, नाट्य तिन्ही एका आवारात. सतीश आळेकर तिथं बरीच वर्षं प्रमुख होते. त्याचा खरा फायदा पुणे शहराचा. संध्याकाळी सुदर्शन रंगमंचावर किंवा भरत नाट्य मंदिरात दुसऱ्याचं नाटक बघायला मिळतं, प्रायोगिकवाल्यांच्या तालमींत घुसता येतं. मुंबईची अकॅडमी २००३ मध्ये वामन केंद्रे यांनी उभी केली, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, कलिना परिसरात. मुंबईचं सुख म्हणजे व्यावसायिक रंगभूमी हाताशी, आणि दुःख म्हणजे मालिकांची शूटिंगंही हाताशी. संभाजीनगरचा विभाग कमलाकर सोनटक्क्यांच्या काळापासून मराठवाड्यातल्या पोरांना घडवतोय. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी तिकडचेच. आपल्या विद्यापीठातल्या विभागाबद्दल मी लिहीत नाही. चार स्टॉप लांब आहे, उद्या जाऊन या.

डिमरवाला

खडूफळा सरांचं बरोबर. पण एक गोष्ट कुणीच बोलंना म्हणून मी बोलतो. मी लाईटवाला. जिल्ह्यातल्या बहुतेक संस्थांना लाईट दिलीय.

दिग्दर्शक प्रयोगाच्या दिवशी दुपारी येतो आणि म्हणतो, "इथं जरा मूड पाहिजे." मूड काय मीटरवर असतो व्हय? कुठल्या वाक्याला, किती सेकंदात, कुठल्या बाजूनं, नट उभा आहे का बसलाय, ते सांग की. क्यू-शीट, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठली लाईट ती यादी, मागितली की वहीचं फाटकं पान देतात, त्यावर "इथं ब्लू". सेट कुठं येणार ते विचारलं तर "दोन पावलं इकडं". कुणाची पावलं?

त्यामुळं ताई, कोर्सला जा न्हाईतर जाऊ नका, पण ग्राउंड प्लॅन, म्हणजे स्टेजचा वरनं बघितलेला नकाशा, काढायला शिका. अर्धा इंच म्हणजे एक फूट, ह्या मापानं. स्टेजची रुंदी, खोली, विंगा किती, साइटलाइन, म्हणजे प्रेक्षकाची नजर, कुठनं तुटती, सायक्लोरामा (मागचा मोठा पडदा) आणि मागची भिंत ह्यात माणूस जाईल का. केशवरावला, म्हणजे काकांच्या त्या पॅलेस थिएटरला, हे सगळं आम्हाला पाठ होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यानंतर संस्था दुसऱ्या हॉलात गेल्या आणि निम्म्या दिग्दर्शकांचे वांदे झाले. नाटक केशवरावच्या मापात बसवलेलं, हॉल लहान. एन्ट्रीला चार पावलं कमी पडायला लागली की नटाचं वाक्यच पुरंना. तवा कळलं, माप कुणाकडंच नव्हतं, सवय होती.

विंगेतला

ह्याला मात्र हात जोडले. केशवरावचा विषय काढलास आणि गप केलंस.

बिंदू_चौक

पुरुष मंडळी कलेवर बोलतायत, मी व्यवहारावर बोलते.

तिसरी_घंटा, इथं हौशी संस्थेत मुलीनं दिग्दर्शन करायचं म्हटलं तर पहिली अडचण संहितेची नसते. साडेदहा वाजता तालीम संपते आणि तुला घरी कोण सोडणार, ही असते. दुसरी अडचण, वयानं मोठ्या नटाला "काका, तुम्ही खोटं बोलताय" हे सांगण्याची. ते तुला 'बाळ' म्हणतात, तिथंच तुझा शब्द पडतो. बाहेरच्या कोर्सचा मला दिसलेला मोठा फायदा हा की तिथं तू सगळ्यांच्या बरोबरीची असतेस. बरोबरीच्या वीसजणांना नकार द्यायची आणि त्यांचा नकार ऐकायची सवय होते. परत आल्यावर तीच उपयोगी पडते.

आणि कुणी म्हणालं, बायका दिग्दर्शनात कुठं असतात, तर विजया मेहतांचं नाव घेऊन थांबू नकोस. अनुराधा कपूर एनएसडीच्या संचालक होत्या. नीलम मानसिंग चौधरी तिथं शिकून चंडीगडला गेल्या आणि पंजाबीत, तिकडच्या नक्काल लोककलावंतांना घेऊन नाटकं केली. हे दुसरं उदाहरण मला तुझ्यासाठी जास्त जवळचं वाटतं. दिल्लीत शिकायचं आणि काम आपल्या भाषेत, आपल्या माणसांत करायचं.

विंगेतला

>> ते तुला 'बाळ' म्हणतात, तिथंच तुझा शब्द पडतो

मी वर 'पोरी' म्हणालो ते लागलं वाटतं. 🙏 पण तालमीत मी ऐकतो, विचारा कुणालाबी.

थेम्सकाठी

परदेशाचा प्रश्न आलाय म्हणून लिहितो. मूळ इचलकरंजीचा, सध्या लंडनला. नाट्यक्षेत्रात नाही, पण बायको एका थिएटरात स्टेज मॅनेजमेंट करते, त्यामुळं घरात हाच विषय.

ढोबळ फरक असा. इंग्लंडात एम.ए. साधारण एका वर्षाचं, एमएफए दोन वर्षांचं. बऱ्याच एमएफएंमध्ये दुसऱ्या वर्षी चालू थिएटरात सहायक म्हणून जोडून देतात. अमेरिकेत एमएफए तीन वर्षांचं असतं, आणि तिकडं कॉलेजात शिकवायला ती शेवटची पदवी मानतात. येलच्या ड्रामा स्कूलला २०२१ मध्ये डेव्हिड गेफेन यांनी १५ कोटी डॉलर दिले, तेव्हापासून तिथं ट्यूशन फी माफ आहे. पण दिग्दर्शनाला वर्षाला घेतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि अर्ज जगभरातून. कोलंबिया विद्यापीठाचं नाव अॅन बोगार्टमुळं झालं. तिची व्ह्यूपॉइंट्सची पद्धत, म्हणजे वेळ आणि अवकाश तुकड्या-तुकड्यानं हाताळत नटांच्या हालचालीतून दृश्य बांधणं, आता भारतातल्या कार्यशाळांतही शिकवतात.

पॅरिसला सुरू झालेली जाक लकॉकची शाळा या यादीत सहसा नसते. ती १९५६ पासूनची, दोन वर्षांची. ती पदवीसाठी नाही आणि थेट दिग्दर्शनाचीही नाही. पण तिथं 'ओटोकूर' नावाचा प्रकार आहे: विद्यार्थ्यांचे गट शिक्षकाविना स्वतःच काहीतरी रचतात आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्यांसमोर करून दाखवतात. दर आठवड्याला! खडूफळा म्हणतायत ते "करा, दाखवा, ऐकून घ्या" तिथं वेळापत्रकातच आहे.

पैशाचं बोलायचं तर परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांपेक्षा बरीच जास्त, आणि लंडनचं भाडं वेगळं. शिष्यवृत्त्या आहेत: फुलब्राइट-नेहरू अमेरिकेसाठी, चेवनिंग ब्रिटनसाठी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अटी दरवर्षी मूळ जाहिरातीत वाचाव्यात. कर्ज काढून मात्र येऊ नका. नाटकाच्या कमाईवर पौंडातलं कर्ज फिटत नाही, हे इथल्या गोऱ्या दिग्दर्शकांकडं बघूनही सांगतो. त्यातले निम्मे दिवसा दुसरं काही करतात.

राजारामपुरी_आठवी

म्हणजे लंडनलाबी दिवसा नोकरी आणि रात्री तालीमच. मग कोल्हापूर काय वाईट? निदान मिसळ तरी मिळती.

थेम्सकाठी

मिसळीवर बोलायचं नाही, जखमेवर मीठ आहे ते.

खडूफळा

थेम्सकाठींच्या प्रतिसादाला एक जोड. दिग्दर्शकाचं अर्धं काम कानानं चालतं. नट "हो, येतो की" म्हणाला, त्यातला "की" खरा होता की टाळाटाळीचा, हे आपल्या भाषेत लगेच कळतं. इंग्रजीत तालीम घेताना हा कान बरेच महिने बहिरा असतो. म्हणून माझं मत, आधी इथं काही वर्षं काम आणि एक कोर्स, मग तिशीच्या आसपास परदेश. तेव्हा तुमच्याकडं विचारायला प्रश्न असतात. बाविसाव्या वर्षी गेलात तर त्यांची उत्तरं घेऊन याल.

थेम्सकाठी

पटत नाही. बाविसाव्या वर्षी सवयी बसलेल्या नसतात, हाच फायदा. वर डिमरवाल्यांनी सांगितलंच की सवय झाली की काय होतं. तिशीत येणारे बरेचजण "आमच्याकडं असं करतात" यातच पहिलं सत्र घालवतात. पण पैशापायी थांबावं लागतं, तेवढ्यापुरतं तुमचं मान्य.

गडहिंग्लज_एसटी

दिल्ली-लंडन झालं, आता जरा खाली बघा. नीनासम! शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं खेडं. के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये संस्था काढली, १९८० मध्ये नाट्यशाळा. कोर्स एक वर्षाचा, निवासी. १९८५ पासून त्यांचं 'तिरुगाट' हे फिरतं पथक कर्नाटकभर नाटकं नेतं. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे मिळालं. सुपारीच्या बागांतल्या गावात शेक्सपिअर बघायला शेतकरी बसतात, असं ते ठिकाण.

माध्यम कन्नड. पण आमच्या गडहिंग्लज-चंदगडकडच्या पोरांना त्याचं भ्या नाही, घरात आजी कन्नडच बोलते. तिसरी_घंटा, तुम्हाला येतं का?

तिसरी_घंटा

आजोळ निपाणीचं. भांडण्यापुरतं येतं. 🙂

गडहिंग्लज_एसटी

तालमीला तेवढं पुरतंय.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पोटाचा प्रश्न मात्र सगळ्यांनी सफाईनं टाळला. 😐

खडूफळा

टाळला नाही, धीर होत नव्हता. स्पष्ट लिहितो.

नुसत्या दिग्दर्शनावर महाराष्ट्रात फार थोड्यांचं घर चालतं. व्यावसायिक नाटकात दिग्दर्शकाला मानधन असतं, पण तिथपर्यंत पोचायला वर्षं जातात, आणि ती मुंबईत काढावी लागतात. प्रायोगिकमध्ये आपलेच पैसे जातात. बाकीचे शिकवतात, शाळांतून नाट्यवर्ग घेतात, बालनाट्य बसवतात, स्नेहसंमेलनं घेतात, मालिकांत सहायक होतात.

पदवीचा उपयोग इथं आहे. एम.ए. असेल तर परफॉर्मिंग आर्ट्समध्ये नेट देता येते, कॉलेजात अर्ज करता येतो. एनएसडीची पदविका अध्यापनासाठी एम.ए.च्या तोडीची धरली जाते. जागा निघतात किती, हा वेगळा आणि कडू विषय. वडिलांना मुद्दा हवा असेल तर हा सांगा: एम.एस्सी. रसायन करून नेट द्यायची तर रांग केवढी, आणि नाट्यशास्त्रात केवढी. आणि बी.एड.ला नाक मुरडू नका. शाळेत नाटक शिकवणारं माणूस रोज तीस-चाळीस पोरांसमोर दिग्दर्शन करतं, तेही पगारी.

बिंदू_चौक

पगारी आणि साडेपाचला मोकळं!

मिसळसम्राट

बी.एड.वाल्या बाबांचा विजय असो.

तिसरी_घंटा

बाबांना वाचून दाखवलं (मिसळसम्राट वगळून). विद्यावेतन मिळतं म्हटल्यावर जरा सरळ बसले. "तीन वर्षं दिल्ली?" एवढंच विचारलं, "नाही" म्हणाले नाहीत. आई म्हणाली, पुणे बघ.

तर आत्ता असं ठरवलंय. ललित कला आणि एनएसडी दोन्हींचे अर्ज भरायचे. त्याआधी पुण्याला जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांना खडूफळा सरांचे प्रश्न विचारायचे. आपल्या विद्यापीठात याच आठवड्यात जाऊन येते. तोवर एक छोटं नाटक घेऊन त्याचे वेगवेगळ्या ठिकाणी निदान चार प्रयोग करायचे, स्पर्धेविना. प्रत्येक प्रयोगानंतर लोकांना थांबवून बोलायला लावायचं. विंगेतला काका, त्यातल्या एका भूमिकेसाठी मला साठीच्या पुढचा नट हवाय. तालमीत ऐकणारा.

विंगेतला

भूमिका केवढी आहे?

तिसरी_घंटा

दोनच पानं. पण शेवटी स्टेजवर एकटे उरता.

विंगेतला

मग येतो. आणि साडेनवाला तालीम सोडायची, पोरींना घरी जायचं असतंय.

तिसरी_घंटा

🙏🙏 डिमरवाला दादा, ग्राउंड प्लॅन शिकवाल का? भूमितीत बरी होते.

डिमरवाला

रविवारी सकाळी नऊला या, सामान गोडाऊनला असतंय तवा जागा मोकळी मिळती. पत्ता मेसेज करतो. अर्ध्या इंची चौकटीचा कागद आणि पन्नास फुटी टेप आणा. माझा टेप एका दिग्दर्शकानं नेलाय, अजून परत आला न्हाई.